अर्नचा मध आणि माझे अडकलेले बटण

मित्रांनो, मला स्वतःचा आवाज नाही. इतरांचे बोलणे इकडून तिकडे पोचवायचे, एवढेच माझे काम. तरी आज मीच बोलायला बसलो आहे, कारण एक गोष्ट कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. गाडीत बसवतात तसला मी एक जुना वायरलेस संच. विटेएवढी काळी पेटी, वेटोळ्या वायरला लटकणारा माइक आणि माइकच्या कडेला एकच बटण. बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. एवढ्या साध्या कामात मी जो घोटाळा केला, त्याची लाज मला अजून वाटते.

माझा जन्म ब्रिस्बेनच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी कडीना गावच्या नेव्हिल ट्रेम्बाथच्या गव्हाच्या ट्रकमध्ये आलो आणि वीस वर्षे तिथेच रमलो. सुगीच्या दिवसांत धान्याच्या कोठारापाशी ट्रकांची लांबलचक रांग लागायची आणि रांगेतल्या गप्पा माझ्यातून वाहायच्या. एका उन्हाळ्यात धसकटांना आग लागली, तेव्हा नेव्हिलने माझ्यातून हाक दिली आणि अर्ध्या तासात आसपासचे शेतकरी पाण्याच्या टाक्या घेऊन धावत आले. नेव्हिलचा साडू अर्न याच्या मधमाश्यांच्या पेट्या त्या दिवशी थोडक्यात वाचल्या. अर्नने काजळी लागलेल्या बोटांनी माझ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "शाबास रे पठ्ठ्या!" माझ्या आयुष्यात मला मिळालेली ती सर्वांत मोठी शाबासकी.

नेव्हिल निवृत्त झाला, ट्रक विकला गेला. मला मात्र त्याने विकले नाही. उचलून आपल्या गाडीत बसवले. गाडीमागे कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचे छोटे घर, जोडून नवरा-बायकोने देशाची पूर्ण प्रदक्षिणा करायची, असा बेत होता. आमच्याकडची म्हातारी माणसे हे करतातच. पण निघायच्या आधी तीन महिने अर्न वारला आणि त्याची बायको डल्सी एकटी पडली. डल्सी म्हणजे नेव्हिलच्या बायकोची, ग्लेनिसची, धाकटी बहीण.

ग्लेनिस तिला म्हणाली, "तू चल आमच्याबरोबर. नेव्हची नजर आता पहिल्यासारखी राहिली नाही गं. मागून कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. तू नसलीस तर आमचं काही खरं नाही."

"मी? अगं, मी दुकानापलीकडं कधी गाडी नेली नाही. अर्नच न्यायचा."

"म्हणूनच म्हणते, चल."

डल्सीने अर्नची छोटी पांढरी व्हॅन काढली, तीत माझ्यासारखाच एक संच बसवून घेतला आणि आमच्यामागे निघाली. तिला काम मिळाले होते आणि ते काम तिने जिवापाड केले. आमच्या वाळवंटी रस्त्यांवर तीन-तीन डबे जोडलेले राक्षसी ट्रक धावतात. तसा एखादा मागून आला की माझ्यातून तिचा आवाज यायचा, "नेव्ह, मोठा येतोय. तीन डबे आहेत. डावीकडं घे, जाऊ दे त्याला." नेव्हिल गाडी कडेला घ्यायचा आणि म्हणायचा, "थँक्यू, डल्सी." बोलायला सवड नसली तर न बोलता नुसते बटण दोनदा दाबायचा. खट्, खट्. आमच्या रस्त्यावर याचा अर्थ एकच, 'ऐकले.' ते खट्-खट् ऐकले की पलीकडे डल्सी समाधानाने हसत असेल, असे मला वाटायचे.

आता मधाची गोष्ट. पश्चिमेच्या राज्यात शिरताना तपासणी नाका लागतो. बाहेरची कीड आत येऊ नये म्हणून फळे, भाज्या, मध, सगळे तिथे कचऱ्यात जाते. म्हणून त्या नाक्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला कुणी कांद्यांची भजी तळत असतो, कुणी पोटात जागा नसताना संत्री सोलत असतो. आम्हीही थांबलो. ग्लेनिसने टोमॅटो कापले. डल्सीने व्हॅनमधून एक बरणी आणली आणि ती छातीशी धरून उभी राहिली.

"हा पण देऊन टाकायचा? शेवटचा आहे गं अर्नच्या हातचा."

"कचऱ्यात कशाला टाकायचा? खाऊन टाकू," नेव्हिल म्हणाला. "आण तो पाव इकडं."

मग तिघांनी मिळून ती अख्खी बरणी संपवली. पाव संपला तेव्हा चमच्याने खाल्ला, चमचे पुरेनात तेव्हा बोटांनी. हनुवट्यांवरून मध ओघळत होता आणि तिघेही शाळकरी पोरांसारखी खिदळत होती. डल्सी हसता हसता रडली. एवढ्यात मागच्या कुणीतरी नाक्यावर रांग आहे का, असे माझ्यातून विचारले. ग्लेनिसने तशाच चिकट हातांनी मला उचलले, बटण दाबले आणि उत्तर दिले. बटणाच्या फटीतून मधाचा एक थेंब आत गेला. मला तो गोडच वाटला. ज्या मधमाश्यांना मी एकदा आगीतून वाचवले होते, त्यांचा मध आज माझ्याही वाट्याला आला, म्हणून मी खूश झालो.

पुढे त्या थेंबावर धूळ बसली. बटण दाबले की वर यायला वेळ लागू लागला. नेव्हिलच्या ते लक्षात आले होते. वाटेत ब्रूम गावी तो म्हणाला, "हे जरा साफ केलं पाहिजे." जेराल्डटनला म्हणाला, "फ्रीमँटलला पोचल्यावर बघू." कापसाचा बोळा आणि थोडे स्पिरिट, दहा मिनिटांचे काम होते. पण काम चालते आहे तोवर आमच्याकडे कुणी बघत नाही, मित्रांनो.

फ्रीमँटल हे आमच्या पश्चिम किनाऱ्यावरचे बंदराचे शहर. त्या दिवशी दुपारी आम्ही तिथे पोचणार होतो. वाटेत पेट्रोल भरले. निघताना ग्लेनिसने बटण दाबून "चल गं, निघालो," एवढे म्हटले आणि मला आकड्यावर टांगले. बटण वर आलेच नाही. मी आतून जीव खाऊन ढकलत होतो, पण ते चिकटले ते चिकटलेच. माझा लाल दिवा लागला होता. 'मी बोलतो आहे, सगळे ऐकत आहेत,' असे तो दिवा सांगतो. पण त्याच्यावर नेव्हिलने आपली टोपी फेकली होती. नव्या संचांना म्हणे तीन मिनिटांनी आपोआप गप्प बसवणारी कळ असते. मी जुना, मला ती नाही.

आणि बटण दाबलेले असले की मला ऐकू येत नाही. पलीकडून कुणी कितीही ओरडले तरी माझ्याकडे शुकशुकाट.

"आज डल्सी अगदी गप्प आहे," थोड्या वेळाने ग्लेनिस म्हणाली. "एक शब्द नाही."

"चहाची वेळ व्हायचीय अजून," नेव्हिल म्हणाला.

"गप्प आहे ते बरंच आहे बाई. कानांना जरा विसावा. सकाळी उठल्यापासून अर्न असं म्हणायचा, अर्न तसं करायचा. माझा नवरा जिवंत आहे, तरी मी त्याचं एवढं कौतुक करत नाही."

"करत जा की थोडं."

"तू समोर बघ."

दोघेही हसली. इथवर ठीक होते. घरात बसून माणसे असे बोलतातच. पण ही घरात बसली नव्हती. कॅरव्हॅनवाल्यांच्या अठरा नंबरच्या वाहिनीवर, पुढे-मागे चालणाऱ्या प्रत्येक गाडीत, आणि शंभर पावलांवरच्या त्या पांढऱ्या व्हॅनमध्ये ही बसली होती.

"आणि ते सारखं 'नेव्ह, मोठा येतोय'," नेव्हिल म्हणाला. "अगं, मला आरसे आहेत की! एक सोडून दोन आहेत. हिनं सांगेपर्यंत ट्रक माझ्या कानाशी आलेला असतो. वर थँक्यू म्हणायचं."

"म्हण, म्हण. तेवढ्यानं खूश होते बिचारी. तिला काहीतरी काम दिलं पाहिजे म्हणून तर तुझ्या नजरेचं सांगितलं मी. नाहीतर आली असती ती? दवाखान्यात अर्नने माझा हात धरला, म्हणाला, डल्सीला देश दाखवायचं कबूल केलं होतं, आता तूच ने. मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? आणलं. अर्धा देश दाखवला. आता पुरे. फ्रीमँटलला सांगणार आहे मी तिला, व्हॅन रेल्वेवर चढव आणि तू विमानानं घरी जा. पुढचं आपण दोघंच करू."

"सांगशील?"

"गोड बोलून सांगेन. तिला कळणारसुद्धा नाही."

"गोड म्हणजे अर्नच्या मधासारखं?"

"शी! त्या मधाचं नाव काढू नकोस. नुसता धुराचा वास. तीस वर्षं बरण्या घेतल्या आणि तीस वर्षं चर्चच्या जत्रेत देऊन टाकल्या. त्या दिवशी नाक्यावर कसा गिळला ते माझं मला माहीत."

मित्रांनो, तो थेंब माझ्या पोटात होता. मला फुटून जावेसे वाटले. शब्द पोचवणे हा माझा धर्म. पण जे शब्द पोचू नयेत, तेही मी त्याच इमानाने पोचवत होतो, स्वच्छ, खणखणीत, एक अक्षर न गाळता.

"ही दिवे कशाला मारतेय?" नेव्हिल उजव्या आरशात बघत म्हणाला.

"चहा हवा असेल."

"आता फ्रीमँटललाच पी म्हणावं."

दिवे पुन्हा पुन्हा लागले, विझले. मग लांबलचक हॉर्न वाजला. समुद्रावरून दुपारचा वारा सुटला होता आणि कॅरव्हॅन हलके हलके डोलत होती. नेव्हिल पुटपुटला, "वेड लागलंय का हिला!" तेवढ्यात जी डल्सी इतक्या हजार मैलांत एकदाही आमच्या पुढे गेली नव्हती, ती उजवीकडून भरधाव आली, आमच्या पुढे घुसली आणि खिडकीतून हात बाहेर काढून 'थांबा, थांबा' करू लागली. नेव्हिलने करकचून ब्रेक दाबला.

कॅरव्हॅनच्या डाव्या अंगाला गुंडाळून ठेवायचे कापडी छत असते. वाऱ्याने त्याची कडी उघडली होती आणि लोखंडी दांडा रस्त्याच्या कडेवर फावड्यासारखा बाहेर आला होता. पुढे हाकेच्या अंतरावर त्याच कडेने दहा-बारा सायकलस्वार चालले होते. पाठीवर नंबर लावलेली, पोटे सुटलेली, हसतखेळत चाललेली माणसे. आणखी थोडे पुढे गेलो असतो, तर काय झाले असते ते मला बोलवत नाही.

डल्सी खाली उतरली. अर्नचा, मधाच्या पेट्या बांधायचा जाड पट्टा तिने व्हॅनमधून आणला आणि दांडा घट्ट आवळून बांधला. नेव्हिल मदतीला गेला, तर ती म्हणाली, "हे धर." बस्स, तेवढेच. मग ती ग्लेनिसच्या खिडकीशी आली. आत हात घालून तिने नेव्हिलची टोपी बाजूला केली. माझा लाल दिवा जळत होता. तिने माइक उचलला आणि अंगठ्याच्या नखाने बटण वर उचकटले.

माझा कान उघडला आणि त्याबरोबर एका परक्या माणसाचा आवाज घुमला. "अहो, सोडलंत का एकदाचं बटण? घसा बसला ओरडून ओरडून!" मागून एक बाई म्हणाली, "गप रे. मागच्या व्हॅनमधली तिची बहीण ऐकतेय."

ग्लेनिसचा चेहरा पांढराफटक पडला. डल्सीने मला आकड्यावर टांगले, हळूच, एरवी टांगायची तसे.

"पेट्रोल भरल्यापासून अडकलंय," ती म्हणाली. "शहरात गर्दी असेल. मी पुढं होते. माझ्या मागून या."

असे आम्ही त्या बंदराच्या शहरात शिरलो. निघताना या क्षणाची किती स्वप्ने रंगवली होती! नदीवरच्या पुलावरून बंदरातल्या उंच याऱ्या दिसल्या, मेंढ्यांनी भरलेल्या जहाजाचा उग्र वास गाडीत आला, एक भोंगा वाजला. कुणी काही बघितले नाही. पुढे ती पांढरी व्हॅन चालली होती. दर वळणाच्या कितीतरी आधी तिचा दिवा लुकलुकायचा, म्हणजे अवजड कॅरव्हॅन घेऊन आम्हाला वळायला वेळ मिळावा. एवढे ऐकूनही ती आमची काळजी घेत होती आणि तेच ग्लेनिसला सोसवत नव्हते. ती हात मांडीवर घासत राहिली, हाताला काही चिकटले असल्यासारखी.  

कॅरव्हॅनच्या तळावर दुपारी चार वाजता सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन गोल करून बसतात. त्या दिवशी ग्लेनिस खुर्ची घेऊन गेली, तेव्हा गोल एकदम गप्प झाला. पोट सुटलेला एक गृहस्थ म्हणाला, "बसा ना, जागा आहे. मध नाहीये हं इथं." दोघे-तिघे हसले. ग्लेनिस उभ्या उभ्या परत फिरली. गाडीत येऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटले, आता ही मला उपटून फेकून देणार. फेकले असते तर बरे झाले असते. तिने फक्त डोळ्यांना रुमाल लावला आणि ती बसून राहिली. नेव्हिलने संध्याकाळी कापूस आणि स्पिरिट आणून माझे बटण साफ केले. दहाच मिनिटे लागली.

डल्सी दोन दिवस मासेमारीच्या होड्यांपाशी जाऊन बसायची. तळलेले मासे आणि बटाटे घ्यायची, निम्मे समुद्रपक्ष्यांना घालायची आणि परत यायची. ग्लेनिस एकदा तिच्या व्हॅनच्या दारापर्यंत गेली. दार वाजवायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी डल्सीच नेव्हिलच्या खिडकीशी आली.

"मी निघते. नलारबोरचं माळरान ओलांडून घरी."

"एकटी?" नेव्हिल म्हणाला. "अगं, हजारो किलोमीटर आहे ते! मध्ये झाड नाही की माणूस नाही."

"अर्नने मला देश दाखवायचं कबूल केलं होतं ना? अर्धा झाला. उरलेला मी त्याला दाखवते."

पांढरी व्हॅन फाटकातून बाहेर पडली. ग्लेनिस धावत गाडीकडे आली आणि तिने मला उचलले.  गोलातली सगळी माणसे आपापल्या गाड्यांत आवराआवर करत होती, सगळ्यांचे संच सुरू होते. तिला ते ठाऊक होते. तिने बटण दाबले.

"डल्सी, मी ग्लेन. सगळ्यांनी ऐकलं ना त्या दिवशी? आता हेही ऐका. तो मध मला आवडत नाही, हे खरं आहे. ते आता मी परत घेणार नाही. पण नेव्हच्या नजरेचं मी तुला सांगितलं, ते खोटं समजून सांगितलं आणि ते खरं निघालं. त्याला डावीकडचं दिसत नाही गं. त्या दिवशी दांडा आरशात होता, समोर होता, आणि याला दिसला नाही. काल कबूल केलं त्यानं. वर्ष झालं, लपवतोय. आरसे दोन आहेत, बघतो एकात. इतके महिने तूच आम्हाला सांभाळलंस आणि आम्ही तुझी थट्टा केली. आता गाडी मी चालवणार आहे. मला मागच्या ट्रकचा अंदाज येत नाही, डल्सी. भीती वाटते. ये म्हणत नाही. म्हणायला तोंड नाही मला. मला लाज वाटते, एवढंच."

तिने बटण सोडले. ते लगेच वर आले, स्वच्छ, हलके. आता ऐकायची पाळी माझी होती.

मी इतके कान देऊन कधी ऐकले नव्हते. नुसती खरखर. कुणी परका बोलला नाही, कुणी हसले नाही. तळावरच्या सगळ्या गाड्यांत माणसे हातातले काम टाकून उभी होती. ती व्हॅन दूर जात होती आणि माझी ताकद काही मैलांचीच. नेव्हिलने मान खाली घातली. ग्लेनिसने मला टांगायला हात पुढे केला.

खट्, खट्.

एवढेच. शब्द नाही. माफ केले, असा त्याचा अर्थ नाही, परत येते, असाही नाही. ऐकले, एवढेच.

मित्रांनो, आता मी कडीनाला, शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीत असतो. त्या सकाळी आम्हीही डल्सीच्या मागोमाग घराकडे निघालो आणि नलारबोरच्या रस्त्यावर ती व्हॅन सगळा वेळ आमच्या पुढे दूर ठिपक्याएवढी दिसत राहिली. घरी पोचल्यावर त्या बहिणींचे काय झाले, ते मला ठाऊक नाही. मला घरात कुणी नेत नाही. पण तुम्हाला माझी एक विनंती आहे. तुमच्याकडचे जुने यंत्र कुरकुरू लागले, तर 'पुढच्या गावी बघू' म्हणू नका, त्याला दहा मिनिटे द्या. आणि ज्याच्यामागे बोलायला तुम्हाला मोकळे वाटते, तो तुमच्या मागे नक्की काय करतो आहे, ते एकदा आरशात बघा. दोन्ही आरशांत बघा. मला कुणी काही विचारले नव्हते, तरी त्या दिवशीचा प्रत्येक शब्द माझ्याच तोंडून गेला. कुणी मला माफी मागायला लावली, तर मागायला मला आवाजही नाही. म्हणून हे सगळे तुम्हाला सांगितले. तुम्हीही काही बोलू नका. ऐकले असेल, तर दोनदा टिचकी मारा.